साखरेचं लॉगबुक: दूर बसलेल्या डॉक्टरची सव्वाशे वर्षं

हा भाग ऐकताना तुम्ही कदाचित लोकलमध्ये असाल, हिंजवडीच्या बसमध्ये असाल, नाहीतर गावाकडे निघालेल्या रात्रीच्या गाडीत. जिथे असाल तिथे एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. घरी आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कुणाला तरी शुगर आहे. त्यांची आज सकाळची उपाशीपोटीची साखर किती होती, तुम्हाला माहीत आहे?

बहुतेकांचं उत्तर असतं, "गोळ्या चालू आहेत, ठीक आहे." हे "ठीक आहे" म्हणजे नक्की किती, हाच आजचा विषय. लांब बसलेला डॉक्टर म्हाताऱ्या माणसाची साखर सांभाळू शकतो का, आणि माणसं हा प्रयत्न कधीपासून करतायत? मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे मला आधी वाटायचं, ही गोष्ट व्हिडिओ कॉलपासून सुरू होते. वाचत गेलो तर ती टेलिफोनच्याही आधी पोचली. आणि गंमत म्हणजे ती एक गोष्ट नाहीच. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक साखर मोजण्याची, दुसरी लांबून बोलण्याची. दोघी कितीतरी वर्षं एकमेकींना न भेटता चालत होत्या.

पहिली गोष्ट घेऊ. मोजण्याची.

"मधुमेह" हा शब्दच मुळात एक निरीक्षण आहे. लघवी मधासारखी. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये प्रमेहाचं वर्णन आहे आणि अशा रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे आपल्या जुन्या वैद्यांनी टिपलं होतं. म्हणजे पहिला ग्लुकोमीटर मुंगी! इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरने १७७६ साली दाखवलं की हा गोडवा खरोखर साखरेचाच असतो. पण आहे की नाही एवढंच कळून भागत नाही, किती आहे ते कळायला हवं.

ते घरच्या घरी कळायला लागलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. अमेरिकेतल्या स्टॅनली बेनेडिक्टने तयार केलेलं निळं द्रावण तुम्ही कॉलेजच्या प्रॅक्टिकलला पाहिलं असेल. नमुना टाकून गरम केलं की साखरेच्या प्रमाणात रंग बदलतो: निळ्याचा हिरवा, मग पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी. आपण तो प्रयोग मार्कांसाठी केला. त्या काळी मात्र घरोघरचे रोगी स्वयंपाकघरात परीक्षानळी तापवून तो रोज करत. बोस्टनचे डॉक्टर एलियट जोस्लिन यांनी १९१८ साली रोग्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. स्वतःची तपासणी स्वतः कशी करायची, काय खायचं, हे ते आणि त्यांच्या परिचारिका रोग्यांना शिकवायच्या. लक्षात घ्या, तेव्हा इन्सुलिन नव्हतं. ते आलं जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत, लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला दिलेल्या इंजेक्शनने. औषध यायच्या आधीच रोग्याच्या हातात मोजमाप द्यायला हवं, हे जोस्लिनना कळलं होतं.

१९४१ साली क्लिनिटेस्टची गोळी आली. ती नळीत टाकली की स्वतःच उष्णता तयार करायची, त्यामुळे शेगडीची गरज संपली. १९६५ साली रक्ताच्या थेंबावर चालणारी पट्टी आली, डेक्स्ट्रोस्टिक्स. तिचा रंग डोळ्यांनी जुळवून बघायचा. मग १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारं यंत्र आलं. किलोभराहून जड, महाग, आणि विकायचं फक्त डॉक्टरांना.

इथे आपल्या जातीचा एक माणूस येतो. जात म्हणजे इंजिनिअर, बरं का! रिचर्ड बर्नस्टाईन. लहानपणापासून मधुमेह, आणि हे यंत्र त्याला हवं होतं. कंपनी रोग्याला विकेना. त्याची बायको डॉक्टर होती, मग तिच्या नावावर घेतलं. दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासून त्याने आपला डोस आणि जेवण जुळवत आणलं. त्यावर लिहिलेला लेख वैद्यकीय नियतकालिकं छापेनात, तेव्हा हा गडी चाळिशीनंतर मेडिकल कॉलेजला गेला आणि डॉक्टर झाला. आज मेडिकलच्या दुकानात मिळणारा मीटर म्हणजे या हट्टाचाच पुढचा भाग. तर पहिल्या गोष्टीचा सारांश असा: मोजमाप हळूहळू प्रयोगशाळेतून घरात आलं.

आता दुसरी गोष्ट. लांबून बोलण्याची.

१९०५ साल, नेदरलँड्समधलं लायडेन शहर. विलेम आइंटहोवेन यांनी हृदयाची विद्युतलहर टिपणारं यंत्र बनवलं होतं, म्हणजे ईसीजीचा पूर्वज. पण ते एवढं अवजड की हलवता यायचं नाही. ते प्रयोगशाळेत, रोगी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. मग त्यांनी टेलिफोनच्या तारेने दोन्ही जोडले. रोगी तिथेच बसून राहिला आणि त्याच्या हृदयाची रेघ इकडे उमटली. लांबून तपासणीची सुरुवात म्हणून ही घटना सांगितली जाते. माझ्या मते तिच्यातला महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. त्या तारेतून नुसता आवाज गेला नाही, मोजमाप गेलं.

पुढे मात्र बोलणं आणि बघणं यांनाच जास्त भाव आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या विमानतळावरचा दवाखाना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला टीव्हीने जोडला गेला. आपल्याकडे २४ मार्च २००० रोजी आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा गावात अपोलोच्या टेलिमेडिसिन केंद्राचं उद्घाटन झालं, तेही अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते. मग इस्रोने उपग्रहाने रुग्णालयं जोडायला घेतली. महाराष्ट्राच्या पहिल्या टप्प्यात मुंबईचं केईएम रुग्णालय ज्या जिल्हा रुग्णालयांशी जोडलं गेलं, त्यांत लातूर, बीड, सातारा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आपल्या खानदेशातलं नंदुरबार होतं. सातपुड्यातल्या पेशंटचे कागद परळच्या तज्ज्ञांनी पाहायचे, अशी ती कल्पना.

कल्पना चांगलीच होती. पण साखरेच्या दृष्टीने तिच्यात एक अडचण होती. त्यासाठी आधी पेशंटने जिल्ह्याच्या ठिकाणी यायला हवं. आणि मधुमेह हा अपघातासारखा एकदाच तज्ज्ञाला दाखवून संपणारा आजार नाही. रोज थोडं मोजायचं, दर काही आठवड्यांनी थोडं बदलायचं, पुन्हा मोजायचं, असं आयुष्यभर चालतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे. लूपमध्ये इनपुटच आलं नाही, तर आउटपुट देणारा कितीही हुशार असो, तो अंदाजच करणार.

हे दोन्ही धागे खऱ्या अर्थाने एकत्र आले न्यूयॉर्कमध्ये, आणि तेही म्हाताऱ्या माणसांसाठी. कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने २००० साली आयडियाटेल नावाचा प्रकल्प सुरू झाला. ५५ वर्षांवरचे १६६५ मधुमेही, काही न्यूयॉर्क शहरातले, काही त्याच राज्याच्या ग्रामीण भागातले, आणि सगळे डॉक्टरांची वानवा असलेल्या वस्त्यांमधले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचे उपचार नेहमीप्रमाणे चालू राहिले. दुसऱ्या गटाच्या घरी कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर बसवला आणि त्याला ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र जोडलं. घरी मोजलेला आकडा थेट नर्सपर्यंत जायचा, आणि ती नर्स ठरलेल्या वेळी व्हिडिओवर बोलायची.

निकाल काय आला? पाच वर्षांनी दुसऱ्या गटाचं एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, पहिल्या गटापेक्षा ०.२९ टक्क्यांनी जास्त सुधारलेलं होतं. बीपी आणि कोलेस्टेरॉलही सुधारलं. ०.२९ ऐकायला फार नाही, पण पाच वर्षं टिकलेलं आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. खर्च भरमसाट झाला आणि सरकारी विम्याचे पैसे काही वाचले नाहीत. शिवाय कित्येक आजी-आजोबांना सगळ्यात जड गेला तो माऊस! बाण हलवून नेमकं बटण दाबणं त्यांना जमेना. आपल्या घरी आज ओटीपीचं जे होतं, तेच.

दुसरा प्रयोग आपल्या जवळचा. तमिळनाडूतल्या चुनामपेट भागातली ४२ गावं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने तिथे उपग्रहाची सोय असलेली एक व्हॅन फिरवली. गावातच रक्त तपासायचं, डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायचे आणि ते चेन्नईला पाठवायचे. गावातल्याच तरुणांना या कामासाठी तयार केलं. जोडीला गावात छोटा दवाखाना. वर्षभरात तिथल्या मधुमेहींचं सरासरी एचबीए१सी ९.३ वरून ८.५ वर आलं, आणि चेन्नईला जावं लागलं अशांचं प्रमाण पाच टक्क्यांहून कमी.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवून बघा. एकीकडे घरातला कॉम्प्युटर, दुसरीकडे व्हॅन. एकीकडे अमेरिकेचा पैसा, दुसरीकडे गावातली पोरं. तंत्र पूर्ण वेगळं. पण दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्या होत्या. डॉक्टरपर्यंत शब्दांच्या आधी आकडे पोचत होते. आणि रोग्याच्या बाजूने एक ओळखीचा माणूस उभा होता, नर्स म्हणा, गावातला पोरगा म्हणा.

आता २०१८ मध्ये येऊ. रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात फोनवरून सांगितलेल्या औषधांनंतर एका बाळंतिणीचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. राज्यभरातल्या डॉक्टरांनी धसका घेतला. फोनवर "गोळी अर्धी करा" एवढं सांगणंही धोक्याचं वाटायला लागलं, कारण फोनवरून काय चालतं आणि काय नाही याचे स्पष्ट नियमच देशात नव्हते.

नियम आले २५ मार्च २०२० ला. तारीख ओळखीची वाटते ना? देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं तेव्हा जाहीर झाली आणि त्यांत मधुमेहासारख्या जुन्या आजारांना नीट जागा मिळाली. आधीपासून चालू असलेल्या गोळ्या पुन्हा लिहून देता येतात. ओळखीच्या पेशंटच्या फेरतपासणीत चालू औषधाला जोड देता येते, आणि तिथे दिलेलं उदाहरणच मेटफॉर्मिनला सिटाग्लिप्टिनची जोड देण्याचं आहे. तुमच्या-माझ्या कामाची एक गोष्टही त्यात आहे. पेशंट समोर नसताना त्याच्या वतीने नातेवाईक बोलणार असेल, तर त्याच्याकडे पेशंटने दिलेलं अधिकारपत्र किंवा नात्याचा पुरावा लागतो. म्हणजे पुण्यात बसून बाबांच्या नावाने परस्पर औषध बदलून घेणं नियमात बसत नाही. बाबा फोनवर हवेत, नाहीतर कागद हवा.

लगेच १३ एप्रिल २०२० ला ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ही सरकारी सेवा, फुकट. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर १० कोटी सल्ले झाले. तिचा दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, पेशंटला शेजारी बसवतो, बीपी आणि साखर तपासतो आणि मग स्क्रीनवर डॉक्टर घेतो. बघा, चुनामपेटचा धडा इथे आला. आकडा आणि माणूस, दोन्ही हजर.

आता हे सगळं घेऊन माझ्या गावी चला. दीपनगर, भुसावळजवळची औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. लांबूनच चिमण्या दिसतात, पाणी तापीवरच्या हतनूर धरणाचं. २१० मेगावॉटचे जुने संच १९७९ आणि १९८२ साली सुरू झाले. तेव्हा पंचविशीत लागलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं. कोणी भुसावळात घर बांधलं, कोणी वरणगावला, कोणी फैजपूरला. पोरं पुण्या-मुंबईला. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआरच्या मदतीने झालेल्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. त्यातले काही माझ्या ओळखीचे आहेत, एवढंच.

अशाच एका काकांना मी विचारलं, "काका, शुगर लिहून ठेवता का?" ते म्हणाले, "काय लिहायचं भो, डॉक्टर बघतो ना तीन महिन्यांनी." आता हे काका कोण? तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये ड्युटी केलेले ऑपरेटर. तिथे दर तासाला बॉयलरचं प्रेशर, वाफेचं तापमान, सगळे आकडे लॉगशीटवर लिहायचे. शिफ्ट बदलताना पुढचा माणूस आधी लॉगबुक वाचणार, मग खुर्चीवर बसणार. "बॉयलर ठीक आहे" असं लिहून कुणी घरी गेलं असतं, तर मेमो मिळाला असता. मी त्यांना तेवढंच म्हटलं, की काका, डॉक्टर ही पुढची शिफ्ट समजा. ते हसले. मग वही कुठली घ्यायची, यावर आमची चर्चा झाली. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आकडा, आणि एक रकाना शेऱ्याचा. शेऱ्याचा रकाना त्यांनीच सुचवला. "लॉगबुकात असायचा," म्हणाले.

तो रकाना का लागतो, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडे आखाजी येते ऐन उन्हाळ्यात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. त्या दिवशीचा आकडा उडणारच. दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला नुसता आकडा दिसला तर तो गोळी वाढवेल, शेऱ्यात "आखाजी" दिसलं तर थांबेल. उलटंही होतं. पारा ४४-४५ ला गेला की म्हाताऱ्या माणसांची भूक मरते. जेवण अर्धं, पण ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पूर्ण. मग साखर खाली येते. आजोबा बरळतात, गोंधळतात, घाम फुटतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. म्हणूनच साखर फार खाली आणायचा हट्ट म्हाताऱ्या माणसांत डॉक्टर धरत नाहीत. एरवी तब्येत चांगली असेल तर एचबीए१सी सात-साडेसातच्या आत, बरेच आजार असतील तर आठच्या आत, असं धोरण साधारण असतं. कुणाचं किती, ते त्यांचा डॉक्टर ठरवेल. इन्सुलिनचंही तसंच. वापरात असलेली बाटली २५ ते ३० अंशांच्या आत राहायला हवी. भुसावळच्या मे महिन्यात ती फळीवर ठेवली तर औषधाचा जोर जातो, आणि वही बघणाऱ्याला वाटतं डोस कमी पडतोय. फ्रीज नसेल किंवा लाईट गेली असेल, तर ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायचा सल्ला त्यासाठीच देतात.

काही गोष्टी फोनवरून होत नाहीत, तेही सांगून टाकतो. पायाची संवेदना गेली आहे का, बोटांच्या बेचक्यात जखम आहे का, डोळ्याचा पडदा कसा आहे, यासाठी वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष दाखवायलाच हवं. आणि माणूस बेशुद्ध पडला, छातीत दुखलं, तर ॲप उघडत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा.

मग आपण, म्हणजे लांब राहणाऱ्या पोरांनी, करायचं काय? आपली जागा नर्सची नाही आणि डॉक्टरची तर नाहीच. पण चुनामपेटमधल्या त्या पोरांची जागा आपण थोडी घेऊ शकतो. मीटरच्या पट्ट्या संपायच्या आत पाठवायच्या. आठवड्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो मागवायचा. डॉक्टरचा कॉल असेल तेव्हा आपणही लाइनवर राहायचं, आणि ऐकू कमी येत असेल तर डॉक्टरचं वाक्य घरच्या भाषेत पुन्हा सांगायचं. ते जमत नसेल तर गल्लीतला एखादा बारावीतला पोरगा, उपकेंद्रातल्या सीएचओ, आशाताई, कुणीतरी एक माणूस ठरवायचा. माणूस ठरलेला असणं महत्त्वाचं. ॲप कुठलंही चालेल.

काकांची वही सुरू झाली आहे. परवा त्यांनी पानाचा फोटो पाठवला. अक्षर अगदी लॉगशीटचं, सुवाच्य, खाडाखोड नाही. सोमवारच्या आकड्यासमोर शेरा होता: "लग्नाचं जेवण. बुंदी दोनदा."

पुढच्या भागात भेटू. तोवर घरी फोन करा, आणि "कसं आहे?" विचारून झालं की "किती आहे?" तेही विचारा.